पुट्टाचं जावळ

आमच्या घरात एक मूल दोन वर्षं वाढलं आणि ते आमचं नव्हतं. ही गोष्ट मी वीसहून जास्त वर्षं कोणाला धड सांगितली नाही. मंदारला, माझ्या नवऱ्याला, अर्धीच माहीत आहे. अर्धं सांगायची सवय मला फार जुनी आणि ती कुठून लागली तेच आता लिहायला बसले आहे. वय चाळिशीला टेकलं, दोन देशांत संसार मांडून झाला, आता लपवून तरी कोणाचं भलं होणार आहे!

म्हैसूरला गोकुलममध्ये आमचं घर. आजोबांच्या आजोबांपासून आम्ही म्हैसूरचे, त्यामुळे घरात बोलायची ती मराठी अशी की मंदार पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा ठसका लागेपर्यंत हसला होता. अर्ध्या वाक्यात कन्नड शिरायचं, आणि 'अल्वा?' म्हणजे 'हो ना?' असं विचारल्याशिवाय आईचं वाक्य संपायचं नाही. अप्पा हेब्बाळच्या एका कारखान्यात होते. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत, मधलं सगळं राज्य आईचं. मी एकुलती एक. वरचा मजला अप्पांनी भाड्यानं द्यायला बांधला होता, आणि गोकुलममध्ये भाडेकरू म्हणजे खांद्यावर चटई टाकून योग शिकायला आलेले गोरे लोक. ते यायचे, तीन महिने राहायचे, जायचे. आई त्यांची नावंही लक्षात ठेवायची नाही. मग नॉर्वेचे इंगे आणि टोर आले, नवरा-बायको, आणि इंगेच्या कडेवर दहा महिन्यांचा योनास.

त्यांचा वर्ग पहाटे साडेचारचा. पहिल्या आठवड्यात ती दोघं त्या तान्ह्याला शालीत गुंडाळून स्कूटरवरून अंधारात न्यायची. तिसऱ्या दिवशी आई फाटकापाशी आडवी उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या दिवशी काही अडलं नाही. "नो. बेबी स्लीप. मी आहे," असं म्हणून तिनं ते गाठोडं इंगेच्या हातातून काढून घेतलं. इंगे 'अम्मा, अम्मा' करत रडायलाच लागली. परक्या देशात, जवळ ना आई ना सासू, दहा महिने सलग झोप अशी मिळालीच नसणार तिला. हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की ते गाठोडं माझ्या जागेवर आलं. मी तेरा वर्षांची घोडी झाले तरी आईजवळ झोपत होते. अप्पा हॉलमध्ये दिवाणावर, आम्ही दोघी आतल्या खोलीत. आता रोज पहाटे जिन्यावर इंगेच्या पायांचा आवाज, कडी, कुजबुज, आणि मग आईचा हात माझ्या अंगावर: "वीणा, जरा सरक गं. पुट्टा आलाय." पुट्टा म्हणजे कन्नडमध्ये छोटा. योनास हे नाव आईनं दोन वर्षांत एकदाही घेतलं नाही. सरकता सरकता महिन्याभरात मी खाली चटईवर आले.

इंगेनं आमच्या फ्रिजवर एक यादी चिकटवली होती. साखर नाही, मीठ नाही, टीव्ही नाही, काजळ नाही. वाचून दाखवायची मी, कारण घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. आई ओट्यापाशी मान डोलावत ऐकायची, "अय्यो, मिठाशिवाय कसं खाणार ते लेकरू!" म्हणायची, आणि दुसऱ्या मिनिटाला मऊ भातावर तूप-मेतकूट कालवायला घ्यायची. सकाळी नाचणीची पेज, दुपारी सारभात, चार वाजता बोटाच्या पेराएवढा म्हैसूरपाक, तोही गाल पुसून घेऊन. पाठीला तेल, टाळूला तेल, कानामागे काजळाचा ठिपका, जिथे इंगेला दिसणार नाही. संध्याकाळी इंगे विचारायची, आज काय खाल्लं? मी सांगायची, उकडलेला भोपळा. ती 'थँक यू अम्मा' म्हणायची, ते मी आईला सांगायची. वरचं खाली, खालचं वर, सगळं माझ्या तोंडातून जायचं. दोघींचंही माझ्यावाचून पान हलत नव्हतं आणि दोघींपैकी एकीचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. घरातला जिना दिवसातून शंभरदा वापरतात, त्याच्याकडे कोण बघतं!

तो चालायला लागला तो आमच्या हॉलमध्ये, दिवाणाच्या कडेला धरून. पहिला शब्द बोलला तो 'आई'. मी दिवसभर आई-आई करायची, माझंच ऐकून त्यानं उचललं. आईनं त्याला उचलून असं गरगर फिरवलं की अप्पांच्या हातातली कॉफी सांडली. संध्याकाळी इंगेला सांगितलं तर ती मनापासून हसली. पुढे तो तिला 'इंगे' आणि माझ्या आईला 'आई' म्हणायला लागला, तेव्हा तिचं हसू जरा उशिरा यायला लागलं. हे मी पाहिलं. आईनं पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. अप्पा एकदा जेवताना म्हणाले, "भाडेकरूंचं मूल आहे, उद्या उठून जातील. जीव जरा बेतानं लाव." आई म्हणाली, "सुम्ने जेवा तुम्ही." सुम्ने म्हणजे गप्प. अप्पा गप्प जेवले.

आता माझं दुखणं सांगते. मी 'मोठी' झाले तो दिवस. शाळेतून पोट धरून घरी आले. आमच्याकडे अशा वेळी मुलीला पाटावर बसवून शेजारच्या सुवासिनी ओवाळतात, हातावर तिळाचा लाडू ठेवतात, खोबऱ्याची वाटी देतात. मला त्या सगळ्याची लाजही वाटत होती आणि ते हवंही होतं. आई पुट्टाला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. वर न बघताच म्हणाली, "कपाटात वरच्या खणात सगळं आहे बघ. रविवारी ओवाळू हं तुला." रविवारी पुट्टाला दाढेचा ताप आला. पुढच्या रविवारी तिच्या लक्षात राहिलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. मागून घेतलेलं ओवाळणं काय कामाचं! अजूनही संक्रांतीला तिळाचा लाडू तोंडात घातला की मला तो कडूच लागतो. मंदार म्हणतो, तुला या सणाचा एवढा राग का? मी म्हणते, दात दुखतो.

पुट्टाचे केस जन्मल्यापासून कापले नव्हते. कोवळ्या मक्याच्या कणसाला असतात तसे पिवळे, खांद्यापर्यंत आलेले. एका दुपारी जिन्यावर बसून इंगे ते विंचरत होती, मी शेजारी गृहपाठ करत होते, तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. त्यांच्या घरात मुलाचे पहिले केस आजी कापते. इंगेचे तिच्या आजीनं कापले होते, योनासचे इंगेची आई कापणार. ती आई तिकडे अंथरुणाला खिळलेली होती आणि कात्री उशाशी ठेवून म्हणायची, नातवाचे केस कापल्याशिवाय मी जात नाही. "जूनमध्ये आम्ही परत जाणार," इंगे म्हणाली, "तोवर तिनं तग धरावा, बस्स." तिचे डोळे भरून आले होते. "अम्माला सांग हं हे." मी हो म्हटलं. आणि नाही सांगितलं. तेव्हा मनात वाईट काही नव्हतं, देवाशपथ. रोज एवढं इकडचं तिकडे करते, एखादं राहिलं तर राहिलं, असा नुसता आळस. माझं पाप आळसातून सुरू झालं.

मार्च उजाडला, ऊन तापलं, आणि पुट्टाच्या डोक्यात फोड उठले. केसांखाली घाम मुरायचा, तो डोकं खाजवून खाजवून रडायचा. आईनं कडुलिंबाचा पाला उकळून लावला, चंदन उगाळून लावलं, कशाचा गुण येईना. तिच्या मते दुखणं एकच होतं: जावळ राहिलं होतं. "तिसरं वरीस चालू आहे, जन्माचे केस डोक्यावर घेऊन फिरतंय लेकरू. नंजनगूडला नेऊन काढून आणू, अल्वा?" नंजनगूड म्हणजे तासाभराच्या अंतरावरचं देवाचं ठिकाण, आमच्याकडच्या सगळ्या पोरांची जावळं तिथल्याच नदीकाठी उतरलेली. इंगे आणि टोर त्या दिवशी व्हिसाच्या कामाला बंगळूरला निघाले होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणार होते. मूल आमच्याकडेच राहणार होतं. "वर जाऊन विचारून ये," आई म्हणाली. "आईबापाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." हे तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते आहे, कारण पुढे आळ आला तो तिच्यावर.

मी जिना चढले. दार उघडंच होतं. इंगे पिशवी भरत काहीतरी गुणगुणत होती. मी दारात उभी राहिले. तिनं विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, हॅपी जर्नी. आणि खाली येऊन आईला सांगितलं, "हो म्हणाली. खूश झाली." मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. केस गेले की इंगे चिडणार, चिडली की घर सोडणार, मूल जाणार, माझी जागा मला परत मिळणार. पंधराव्या वर्षी मुली भोळ्या असतात असं जे कोणी म्हणतात, त्यांनी मला पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही तिघं निघालो. नदीकाठी न्हावी ओळीनं बसलेले. मामाच्या मांडीवर बसवायची रीत, पण मामा कुठून आणणार? आईनं त्याला आपल्याच मांडीवर घेतलं. केस आत्यानं पदरात झेलायचे असतात. आई मला म्हणाली, "तूच झेल. तू अक्का त्याची." मी ओढणी पसरून बसले. न्हाव्यानं गार पाण्याचा हात डोक्यावरून फिरवला तसा पुट्टा खुदकन हसला. वस्तरा फिरत होता आणि तो आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांशी खेळत होता. झालं म्हणून न्हाव्यानं हात थांबवला तर त्यालाच म्हणाला, "इन्नू बेकु!" अजून हवं. गोरं पोर कन्नड बोलतंय म्हणून आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईचा चेहरा इतका आनंदी मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. ती म्हणाली, "जा, सोड नदीत." मी पाण्यात उतरून ओढणी झटकली. काही केस काठच्या दगडाला चिकटून राहिले, ते पायानं पुढे ढकलले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला फाटक वाजलं. पुट्टा चंदन फासलेलं डोकं घेऊन 'इंगे!' करत धावला. मागे आई आरतीचं तबक घेऊन उभी. हळद-कुंकू, निरांजन, साखरेची वाटी, सगळं जय्यत. मायलेकरांना ओवाळून आत घेणार होती. खरं सांगायचं तर तोवर मला परत फिरावंसं वाटत होतं. ते तबक पाहिलं आणि तेही संपलं.

इंगेच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशीच पायरीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर माझं काम सोपं झालं असतं. टोर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, ती मान हलवत राहिली. मग माझ्याकडे बघून हळू विचारलं, "केस कुठे आहेत?"

"नदीत."

"थोडेसुद्धा ठेवले नाहीत?"

"नाही."

जिन्यावर मला सगळं सांगितलेलं तिला आठवत होतं. तिच्या नजरेत ते स्पष्ट दिसत होतं. पण तिनं तो विषय काढला नाही. आईकडे बघितलं, तबकाकडे बघितलं. मग मला इंग्रजीत म्हणाली, "अम्माला सांग, माझी आई... नाही, ते नको सांगूस आता. तिचा त्याच्यावर किती जीव आहे मला माहीत आहे. तिला एवढंच विचार, तो रडला का?"

"काय म्हणतेय गं?" आईनं विचारलं. तिच्या तोंडावरचं हसू निम्मं उतरलं होतं.

"म्हणते, माझं मूल आहे, तुमचं नाही."

हे मी म्हटलं. माझा आवाजही कापला नाही.

आईचा हात तबकासकट हवेत राहिला. "तू विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं. आता फिरली."

आईनं निरांजन फुंकरीनं विझवलं. आमच्याकडे निरांजन कधी फुंकत नाहीत. "सांग तिला," ती म्हणाली, "दोन वर्षं रात्रीचा दिवस केला, तेव्हा नाही आठवलं कोणाचं मूल आहे ते? गरज सरो, वैद्य मरो!" इंगे माझ्या तोंडाकडे बघत होती. अम्मा काय म्हणतात, तिनं विचारलं. मी सांगितलं, "म्हणते, आमच्यात असंच असतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला जिन्यावर पाय वाजले. हो, ती आली होती! एवढं होऊनही ती बाई मूल घेऊन खाली आली होती. कडी वाजली. आई जागी होती. मीही जागी होते, आईच्या शेजारी, माझ्या जागेवर. चटई मी आदल्या संध्याकाळीच गुंडाळून ठेवली होती. बाहेरून पुट्टाचा आवाज आला, "आई, बा." बा म्हणजे ये. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अप्पांनी हॉलमधून विचारलं, "उघडू का?" आई म्हणाली, "साकु." पुरे. असं तीन दिवस झालं. चौथ्या पहाटे कोणी आलं नाही. आठवड्यानं ती तिघं दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घरात गेली, आणि एप्रिलमध्ये मायदेशी निघून गेल्याचं दूधवाल्याकडून कळलं. इंगेची आई तोवर होती का, तिनं ती कात्री कशासाठी वापरली, मला ठाऊक नाही. मला माझी जागा मिळाली. माझं लग्न होईपर्यंत आई त्या जागेकडे पाठ करून झोपली.

मंदार साताऱ्याचा. हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला आला, तिथे आमची ओळख झाली, आणि लग्नानंतर आम्ही हॉलंडला गेलो. आमचा मुलगा नील तिथला. दिवस भरत आले तेव्हा मी आईला म्हटलं, तिकीट पाठवते, ये. सगळ्यांच्या आया येतात, डिंकाचे लाडू आणि शेपा-ओवा घेऊन, सहा-सहा महिने राहतात. आई म्हणाली, "मला नको बोलावूस. गोऱ्यांच्या देशात मी पाय ठेवायची नाही. गोड बोलतात आणि शेवटी तोंडावर सांगतात, मूल तुमचं नाही." माझंच वाक्य होतं. माझं बाळंतपण मीच केलं, पाव आणि चीजवर. चौथ्या महिन्यात कामावर गेले आणि नील एका सुरिनामी बाईकडे राहायला लागला. तिच्या फ्रिजवर मी यादी चिकटवली: साखर नाही, टीव्ही नाही. एका पावसाळी संध्याकाळी सायकल दामटत त्याला आणायला गेले तर तो तिच्या गळ्याला मिठी मारून बसला, माझ्याकडे यायलाच तयार नाही. ती बिचारी ओशाळली. मी हसले. पण हसू उशिरा आलं, आणि उशिरा आलेलं हसू काय असतं ते मला इंगेनं फार पूर्वी दाखवलं होतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही म्हैसूरला गेलो. नील अडीच वर्षांचा. अप्पा आता नाहीत. पहिले दोन दिवस आई त्याच्याकडे पाहुण्याच्या पोराकडे बघावं तशी बघत होती. तिसऱ्या दिवशी तो तिच्या पदराला धरून स्वयंपाकघरात गेला आणि खेळ खलास. मेतकूटभात, नाचणीची पेज, "पुट्टा, बा." तोच सूर, तेच लाड. तिचा हात त्याच्या केसांतून फिरताना पाहून मी नीलला उगाचच हाक मारली. भीती म्हणा, जळणं म्हणा, दोन्ही माझ्या जुन्या ओळखीची. त्यात मंदारला आणि मला व्हिसाच्या कामासाठी दोन दिवस बंगळूरला जायचं निघालं.

"ठेवून जा त्याला," आई पेज ढवळत म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत नंजनगूडला नेऊन जावळ काढून आणते. केस किती वाढलेत बघ."

"नको."

"का गं? मी काय परकी?"

"नको म्हटलं ना एकदा! माझं मूल आहे, तुझं नाही."

आईचा डाव थांबला. तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की नीलही माझ्याकडे बघायला लागला. तिला आता कमी ऐकू येतं, फोनवर तीन-तीनदा सांगावं लागतं. हे मात्र एकदाच पुरलं.

"हौदा?" ती म्हणाली. असं होय? "म्हणजे तेव्हाही तूच म्हणालीस. ती नव्हे."

मी हो म्हटलं. वर जाऊन विचारलंच नव्हतं, तेही सांगितलं. आजीची कात्री सांगितली. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत सगळं संपलं. वीसहून जास्त वर्षं जे गिळून बसले होते ते बोलायला पाच मिनिटं पुरली, याचीच मला चीड आली. आता आई रडेल, किंवा उठून एक थोबाडीत देईल, म्हणून मी वाट बघत राहिले. द्यायला हवी होती. तिनं नुसता गॅस बारीक केला.

"मग ती त्या दिवशी काय म्हणत होती?"

"विचारत होती, तो रडला का."

आईनं नीलला उचलून ओट्यावर बसवलं. त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नव्हता रडला. हसत होता. सांगायचं होतंस की गं तिला."